पेटीचा आकडा

जळगाव, १२ मार्च १९९४

अक्का,

पाकिटावरचं अक्षर माझं नाही, मुख्तारचं आहे. आमच्या कंपनीत बाळं उबेत ठेवायच्या पेट्या जोडतो आणि तपासतो तो. आधीची दोन पत्रं तू न उघडता परत पाठवलीस, म्हणून यावेळी पत्ता त्याच्याकडून लिहून घेतला. तू दवाखान्याचं नर्सचं क्वार्टर सोडून देवपुरात खोली घेतलीस हे मायकडून कळलं. तिने पत्ता दिला म्हणून तिच्यावर रागावू नको.

चौकशीच्या दिवशी मला तुझ्याशी बोलायचं होतं. पण आमच्या मॅनेजरने, रुपचंदने, गाडी दवाखान्याच्या दारातच उभी ठेवली होती आणि मी बाहेर आलो तेव्हा तू कुठे दिसली नाहीस. कमिटीच्या डॉक्टरांनी मला एकच प्रश्न विचारला होता. पेटीचा प्रोग्राम मी लिहिला आहे, तर पेटी आपोआप एवढी तापू शकते का? मी सांगितलं, की बाळाच्या अंगाला चिकटवलेला सेन्सर निसटला तर पेटीला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ती तापवत राहते. हे खरं आहे. कुठल्याही कंपनीच्या पेटीत असंच होईल. सेन्सर निसटला, असं मी म्हटलं नाही. निसटला तर, असं म्हटलं. कमिटीने त्यातला 'तर' गाळला आणि तुला सस्पेंड केलं, याला मी काय करणार?

बाळ घरी गेलं असं कळलं. पाय भाजला, पण जिवावर बेतलं नाही. रुपचंद म्हणतो, महिना-दोन महिन्यांत प्रकरण थंडावेल आणि तुला परत कामावर घेतील. दवाखान्याच्या ट्रस्टींशी त्याचं बोलणं असतं.

इथे कामाला अंत नाही. मला घेतलं होतं प्रोग्राम लिहायला. आता पार्ट मागवायचे मी, माहितीपुस्तक लिहायचं मी, एखाद्या गावी पेटी बिघडली की एस.टी.ने जायचंही मीच. काल सकाळी रुपचंदने पेटीवरचे आकडे हिरवे करायला सांगितले, संध्याकाळी पुन्हा लाल. त्यात दिवस गेला.

खोलीत पाणी येतं का? जेवण हाताने करतेस की डबा लावलास? एवढं तरी कळव.

पितांबर

जळगाव, ३ एप्रिल १९९४

अक्का,

पत्र परत आलं नाही. म्हणजे तू ते ठेवून घेतलंस. वाचलंस की नाही ते विचारत नाही.

माय डोळे दाखवायला जळगावला आली होती. दोन दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी मी कंपनीत जायला बूट घालत होतो, तर दारात येऊन बसली. म्हणाली, "कुंदा खोटं बोलनारी नही शे. तुले बठ्ठं ठाऊक शे." मी म्हटलं, मला कसलं सगळं ठाऊक, आणि तिला खोटी कोण म्हणतंय? बसमध्ये बसवून दिलं तेव्हा खिडकीतून माझ्याकडे बघत राहिली.

अकरावी-बारावीची दोन वर्षं मी धुळ्यात तुझ्या खोलीवर होतो. तू ड्युटीवरून येऊन भाकरी टाकायचीस आणि मी गणितं सोडवत बसायचो. मी इंजिनियर झालो, या कंपनीत लागलो, आणि पेटी तयार झाली तेव्हा पहिला विचार आला तो तुझ्याच दवाखान्याचा. तुमचे डॉक्टर मुंबईचीच पेटी घ्यायची म्हणून अडून बसले होते. तू त्यांना सांगितलंस, माझ्या भावाने प्रोग्राम लिहिलाय, मी भरवसा देते. त्या शब्दावर त्यांनी आमची पेटी घेतली. चौकशीत हे कुणी काढलं नाही. तूही काढलं नाहीस.

कंपनीला नुसती नावं ठेवून चालणार नाही. मालक रतिलाल शेठ म्हणजे मूळचे जिनिंगवाले, कापसातलं सगळं कळतं, यंत्रातलं काही कळत नाही. त्यांच्या मुलीला सातव्या महिन्यात मुलगी झाली होती. तेव्हा जळगावात एकही पेटी रिकामी नव्हती. कापसात गुंडाळून मुंबईला न्यायला निघाले आणि इगतपुरीच्या अलीकडे ते मूल गेलं. त्यानंतर त्यांनी जिनिंगच्या आवारातच हा कारखाना काढला. खानदेशात गावोगाव पेटी पाहिजे, एवढंच त्यांना कळतं. बाकी सगळं रुपचंदच्या हातात, त्यांचा पुतण्या. तो आधी पेटी विकतो, मग आम्हाला सांगतो की अमुक तारखेला द्यायची आहे.

आता मुद्द्याचं. मी इकडे एका पेटीत बाळाच्या जागी कोमट पाण्याची रबरी पिशवी ठेवून सेन्सर मुद्दाम काढून ठेवला. तीन दिवस तेच केलं. पेटी तापते, हे बरोबर. पण सेन्सर मोकळा पडला की पेटीवरचा तापमानाचा आकडा खाली येतो. तेहतीस, बत्तीस, एकतीस. तू कमिटीला सांगितलं होतंस, की बाळ रडत होतं म्हणून दोनदा येऊन पाहिलं, दोन्ही वेळा आकडा साडेछत्तीस होता. सेन्सर निसटला असता तर आकडा साडेछत्तीस दिसलाच नसता.

हे आता माझ्या लक्षात आलं. शोधतो आहे.

पितांबर

जळगाव, १७ एप्रिल १९९४

अक्का,

मागच्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. आकड्याची गोष्ट आता लक्षात आली, असं म्हटलं. ती मला त्याच दिवशी, कमिटीसमोर बसल्या बसल्या कळली होती. तू साडेछत्तीस म्हणालीस आणि माझ्या मनात आलं, की मग सेन्सर नाही, दुसरं काहीतरी आहे. मी गप्प बसलो. रुपचंद शेजारी होता म्हणून नाही. प्रोग्राम माझा होता म्हणून.

आता काय सापडलं ते सांगतो.

आमच्या कारखान्यात वीज एका मोठ्या स्टॅबिलायझरमधून येते, जिनिंगच्या वेळचा आहे तो. त्यामुळे तिथे लाइट कधी डिम-फुल होत नाही. आम्ही सगळ्या पेट्या तिथेच तपासल्या. मुख्तार म्हणाला, साहेब, दवाखान्यात अशी लाइट कुठे असते, पेटी माझ्या घरी नेऊ. त्याच्या घराला लागून त्याच्या भावाचं वेल्डिंगचं दुकान आहे. तिथे वेल्डिंग सुरू झालं की त्याच्या घरातला दिवा लुकलुकतो.

रविवारी दुपारी हातगाडीवर पेटी घालून नेली. आत पाण्याची पिशवी, पिशवीला सेन्सर, आणि वेगळा एक साधा थर्मामीटर. त्याचा भाऊ एक फाटक जोडत होता. सात-आठ वेळा दिवा लुकलुकला, काही झालं नाही. मला बरंही वाटलं. मग एकदा लाइट जरा जास्त डिम होऊन परत आली, आणि आकडा साडेछत्तीसवर थांबला. थर्मामीटरचा पारा चढत गेला. अडतीस. चाळीस. त्रेचाळीस. आकडा साडेछत्तीसच. मुख्तारची आई अनवरीबी कोपऱ्यात तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मला विचारलं, "बेटा, बच्चा अंदर होता तो क्या होता?" आणि मी उत्तर द्यायच्या आत उठून त्यांनी प्लग ओढला.

लाइट पूर्ण गेली तर पेटी नव्याने सुरू होते आणि सगळं ठीक चालतं. अर्धवट गेली तर प्रोग्राम मधेच कुठेतरी अडकतो. आकडा जिथल्या तिथे राहतो आणि आतली शेगडी जर त्या क्षणी चालू असेल तर चालूच राहते. असं होऊ शकतं याचा मी प्रोग्राम लिहिताना विचार केला नव्हता.

एवढ्यावर थांबलं असतं तरी बाळ भाजलं नसतं. शेगडीजवळ एक वेगळा कटआऊट असायला हवा. त्याचा प्रोग्रामशी संबंध नसतो. पेटी एकोणचाळीसवर गेली की तो स्वतःच शेगडीची वीज तोडतो. तो भाग मुंबईहून आला नव्हता, आणि रुपचंदने अकरा पेट्यांची तारीख देऊन ठेवली होती. त्याने सांगितलं, तारा थेट जोडा, पुढच्या आठवड्यात भाग आला की गावोगाव जाऊन बसवू. मुख्तारने जोडल्या. मी तपासणीच्या कागदावर सही केली. पुढच्या आठवड्यात नवीन काम आलं. आता शोधायला गेलो तर भागांचं पार्सल स्टोअरमध्ये बारदानाखाली सापडलं. जानेवारीतच आलं होतं, कुणी उघडलं नाही. तुझ्याकडचं बाळ भाजलं ते तीन फेब्रुवारीला.

आणखी एक राहिलं. ते लिहायला मला चार दिवस लागले.

डिसेंबरमध्ये तुझं पत्र आलं होतं. मायच्या गुडघ्याचं, आबांच्या केळीचं सगळं लिहून शेवटी तू लिहिलं होतंस: 'तुझ्या पेटीत एक पाहिलं. लाइट डिम-फुल झाली की कधी कधी आकडा हलत नाही. मी बंद करून चालू करते, मग चालतो. तू बघून घे.' मी वाचलं. पुढच्या फेरीला गेलो की बघू, असं म्हणून पत्र टेबलाच्या खणात टाकलं. चौकशीला निघालो त्या सकाळी ते खणात होतं, मी ते पुन्हा वाचलं आणि खण बंद केला. तूही कमिटीला सांगितलं नाहीस, की मी भावाला आधीच कळवलं होतं. का सांगितलं नाहीस? मला वाचवायला?

त्याचं उत्तर नाही दिलंस तरी चालेल.

पितांबर

भुसावळ, ५ मे १९९४

अक्का,

इथल्या एका दवाखान्याच्या ओसरीत बसून लिहितो आहे. ऊन असं आहे की बाकडं हाताला चटका देतं. मुख्तार आत पेटीचं मागचं झाकण उघडून बसलाय. ही पाचवी पेटी.

मी रतिलाल शेठना सगळं सांगितलं. वेल्डिंगच्या दुकानाचं, कटआऊटचं, बारदानाखालच्या पार्सलचं. रुपचंद तिथेच होता. तो मला थांबवत होता, पण शेठनी त्याला गप्प केलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, की आज या घडीला किती पेट्यांत बाळं आहेत. मला सांगता येईना. आमच्याकडे कुठली पेटी कुठे गेली याचीसुद्धा धड नोंद नाही. मुख्तारने स्वतःच्या वहीत लिहून ठेवलं होतं म्हणून अकरा गावं कळली. शेठ उठून खिडकीशी गेले.

मग रुपचंद बोलला. पेट्यांत दोष आहे असं बाहेर गेलं तर सगळ्या परत येतील, कारखाना बंद पडेल, चाळीस माणसं घरी बसतील, आणि पुन्हा खानदेशात मुंबईशिवाय पेटी मिळणार नाही. हेही खोटं नव्हतं. शेवटी शेठ म्हणाले, "पितांबर, सगळ्या पेट्या नीट कर. आजपासून दुसरं काम करू नकोस. पण कुठे काही लिहून द्यायचं नाही. सुधारणा करायला आलो, एवढंच सांगायचं."

मी हो म्हटलं.

अक्का, हे मी तुझ्यापासून लपवू शकलो असतो. मी मनाशी हिशेब केला, की बाळं वाचणं आधी. ते तर होतंय. तुझं नंतर बघू. मी नवीन प्रोग्राम लिहिला, आता अडकला तर आधी शेगडी बंद होते आणि घंटी वाजते. कटआऊट मुख्तार स्वतः सोल्डरने डाग देऊन बसवतो, मला हात लावू देत नाही. म्हणतो, तारा मी जोडल्या होत्या, मीच काढणार. दवाखान्यातल्या सिस्टर चहा देतात, आभार मानतात. काल अमळनेरच्या सिस्टर म्हणाल्या, तुमची कंपनी फार चांगली, न बोलावता येऊन सुधारणा करता. मी चहा तसाच ठेवून पेटीकडे गेलो.

तुमच्या दवाखान्यातली पेटी कमिटीने सील केली आहे. ती शेवटी राहील.

पितांबर

नरडाणा, १९ मे १९९४

अक्का,

तुझं कार्ड कंपनीच्या पत्त्यावर आलं. एवढ्या महिन्यांत तुझी पहिली ओळ. 'पेट्या करतोस ते बरं. कोणत्या गावची झाली ते वहीत तारखेसह लिहून ठेव, विसरशील.' दुसरं काही नाही. मी वही केली आहे. दहा झाल्या.

आज इथे आलो ते पेटीसाठी नाही. ते बाळ कुणाचं होतं हे मला ठाऊकच नव्हतं. कंपनीच्या कागदावर नुसतं 'रुग्ण' असं होतं. तुमच्या दवाखान्यातल्या आयाबाईंनी नाव सांगितलं. सुंदरबाई, नवरा चुडामण इथल्या कारखान्यांच्या वसाहतीत पोती उचलायला जातो. स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवर त्यांची खोली. मुख्तार येतो म्हणत होता, मी एकटाच गेलो.

काय बोलायचं ते मी गाडीत ठरवलं होतं. खोलीत गेल्यावर त्यातलं काही आठवलं नाही. मुलगी झोळीत झोपली होती. अंगाने भरली आहे. नाव ठेवलंय इंदिरा. सुंदरबाईंनी मला दवाखान्याचा माणूस समजून पाणी दिलं. मी सांगितलं, की मी दवाखान्याचा नाही. ज्या पेटीत तुमची मुलगी भाजली तिचं आतलं काम मी केलं होतं. ते चुकलं होतं. सिस्टरची चूक नव्हती.

मग तिने मुलीवरचं धडुतं बाजूला करून पाय दाखवला. उजव्या पिंढरीवर कातडी आवळली आहे, तळहाताएवढी. डॉक्टर म्हणाले, चालायला लागल्यावर कळेल. मी पाहत होतो तेव्हा ती म्हणाली, सिस्टरबाईची चूक आहे असं तिने कधीच कुणाला सांगितलं नव्हतं, तिला कुणी विचारलंच नाही. कागदावर अंगठा घेतला, वाचून दाखवलं नाही.

आणि मग तिने विचारलं, "बाईना हात बरा व्हयना का?"

मी म्हटलं, सिस्टरचा कुठला हात?

तिने सांगितलं ते असं. ती शेजारच्या खाटेवर होती. तू दुसऱ्या बाईच्या बाळंतपणात होतीस, तिथून धावत आलीस. पेटीचं दार उघडलंस तर आत वाफ. बाळाचा पाय गादीवरून घसरून पत्र्याला लागला होता. तू फडकं शोधायला थांबली नाहीस. उजवा हात सरळ त्या तापल्या पत्र्यावर, बाळाच्या खाली घातलास आणि डाव्याने वरून धरून उचललंस. बाळ तिच्या हातात दिलंस, आणि त्याच हाताने परत त्या दुसऱ्या बाईकडे गेलीस, कारण तिच्या बाळाचं डोकं बाहेर आलं होतं. ते बाळंतपण तू तसंच केलंस.

अक्का, तू हे कमिटीला सांगितलं नाहीस. मायला नाही, मला नाही. मी तुझ्यासमोर तीन हातांवर बसलो होतो. तुझा हात पदरात होता. मला वाटलं रागाने.

सुंदरबाई मला घालूनपाडून बोलली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "तुमी आले ते चांगलं केलं. बाईले सांगजा, पोर हासस आते."

मी स्टेशनच्या बाकावर बसून आधी कमिटीला पत्र लिहिलं, मग हे. त्यात सगळं आहे. लाइटचं, प्रोग्रामचं, कटआऊटचं, माझ्या सहीचं. तुझं डिसेंबरचं पत्र सोबत जोडणार आहे. उद्या शेठना वाचून दाखवतो आणि परवा धुळ्याला हाताने नेऊन देतो.

पितांबर

जळगाव, २६ जून १९९४

अक्का,

परवा दवाखान्यात आपण दीड तास एका खोलीत होतो आणि बोललो तीन-चार वाक्यं. डॉक्टर होते, ट्रस्टी होते, बोलता येण्यासारखं नव्हतं. म्हणून राहिलेलं लिहितो.

शेठना मी कमिटीचं पत्र वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही. ते म्हणाले, "मला माझी नात दिसत होती रे. तुझी बहीण दिसलीच नाही." रुपचंदने त्याच दिवशी मला काढून टाकलं. शेठ खाली मान घालून बसले होते. मी जिन्यात असताना त्यांनी मुख्तारला बोलावून सांगितलं, की कटआऊट नसलेली पेटी फाटकाबाहेर गेली तर मला येऊन सांग. मुख्तार कंपनी सोडणार होता. मी त्याला राहा म्हटलं. ते काम बघणारं तिथे कुणीतरी पाहिजे. कारखाना अजून चालू आहे. किती दिवस चालेल सांगता येत नाही. तीन दवाखान्यांनी पेट्या परत केल्या.

मी सध्या एका क्लासमध्ये मुलांना कॉम्प्युटर शिकवतो. ठीक आहे.

परवा सील तोडून पेटी उघडली तेव्हा मला वाटलं होतं, मी भाग बसवीन, डॉक्टर कागदावर सही करतील आणि झालं. डॉक्टरांनी पेन काढलंही होतं. तू म्हणालीस, "थांबा." मला बाजूला केलंस आणि भिंतीवरच्या बटणाशी गेलीस. डिमर लावून घेतलास, तो कुठून आणला होतास कुणास ठाऊक. लाइट कमी करायची, वाढवायची. प्रत्येक वेळी आकडा बघायचा आणि प्रत्येक वेळी आत हात घालून पाहायचं. उजवाच हात. तळव्याची कातडी ताणली जाते आणि करंगळी पूर्ण उघडत नाही, हे मला तेव्हा दिसलं. ट्रस्टी घड्याळ बघत होते. मी मोजत होतो, बेचाळीस वेळा केलंस. दोनदा घंटी वाजली आणि शेगडी बंद झाली, तेव्हा तू मान हलवलीस. शिकवताना माझं गणित बरोबर आलं की हलवायचीस तशी नाही. नवीन आलेल्या सिस्टरचं काम बघून हलवत असशील, तशी.

मग तू डॉक्टरांना म्हणालीस, "आता बाळ ठेवायला हरकत नाही." आणि ट्रस्टींनी तुला परत कामावर घेतल्याचा कागद दिला, तो न वाचता पर्समध्ये टाकलास. त्यात 'गैरसमजातून' असं लिहिलं आहे. त्याची प्रत डॉक्टरांच्या टेबलावर होती, ती मी वाचली. ते खरं नाही. गैरसमज कुणाचाच नव्हता. मी ट्रस्टींना तसं कळवलं आहे, बदलतील की नाही माहीत नाही.

बाहेर आल्यावर मी काही बोलायच्या आत तू विचारलंस, की बाकीच्या दहा ठिकाणच्या सिस्टरना काय सांगितलं. मी म्हटलं, सुधारणा केली असं सांगितलं. तू म्हणालीस, "म्हणजे त्यांना अजून ठाऊक नाही काय झालं होतं ते." मी म्हटलं, पत्रं पाठवतो. तू म्हणालीस, "पत्र डॉक्टरच्या टेबलावर पडेल. पेटीशी उभी सिस्टर असते. मला सुट्टीचे चार दिवस आहेत. मी येते." आणि रिक्षात बसून निघून गेलीस.

अक्का, याचा अर्थ तू मला माफ केलंस असा मी घेत नाही. तू दहा सिस्टरसाठी येते आहेस, हे मला कळतं. तरी मी वही आणि थर्मामीटर पिशवीत भरून ठेवलाय.

रविवारी सकाळी साडेसातला मी धुळ्याच्या स्टँडवर असेन, चोपड्याच्या गाडीपाशी. चोपड्याला आधी जाऊ. तिथली सिस्टर नवीन आहे, रईसा नाव आहे तिचं, एकटीच असते, आणि तिच्या पेटीत परवापासून बाळ आहे. सव्वा किलोचं. तिथून घर तासाभरावर आहे, माय जेवायला वाट बघेल. तिला कंपनीचं सगळं सांगितलं आहे मी, माझ्या सहीसकट. तुझ्या हाताचं सांगितलेलं नाही. ते तुला वाटलं तर तू सांग.

पितांबर